पुरुषभर पाणी

ऐका. गोष्ट तळ्याची आहे, पण मी सुरुवात गिरणीपासून करणार. कारण मला ती तिथं सापडली, तीही अर्धी.

दळणाला उभी होते. माझ्यापुढं पल्याडच्या तांबडेवाडीच्या दोन बाया. पीठ भरून झालं होतं, पण पाय निघत नव्हता. एक दुसरीला म्हणते, "आमच्या धक्क्याच्या दिव्याचा त्या भिकूमामानं कायमचा निकाल लावला म्हणं. दिव्यानं इचारलं, ह्यानं उत्तर दिलं, अन् तवापासनं तो दिवा..."

आणि नेमका तेव्हाच गिरणीवाल्यानं पट्टा चढवला! घर्रर्र! बाईचं तोंड हलतंय, हात हलतायत, डोळे मोठे होतायत, आणि मला एक अक्षर ऐकू येईल तर शपथ! पट्टा थांबला तोवर बाया डबे डोक्यावर घेऊन गेल्या होत्या.

आता मला तुम्ही ओळखता. अर्धी बातमी घशात अडकली की मला भाकरी गिळत नाही. आणि भिकूमामांचं घर आमच्या भिंतीला भिंत! दळण ओट्यावर ठेवलं आणि वाटीभर गूळ मागायला म्हणून गेले. गूळ घरात होता की. पण जायला निमित्त नको? पहिल्या खेपेला त्यांनी नुसता गूळच दिला. दुसऱ्या खेपेलाही गूळच. पुढच्या खेपेला त्यांची बायको म्हणाली, "अवो, सांगून टाका हिला एकदा. न्हाईतर आपली ढेप संपतीय."

तेव्हा बोलले. ते बोलले तसं सांगते. मीठमसाला माझा असेल तर तो चवीपुरता.

हात थांबवू नका, शेंगा फोडत राहा. लाइट यायला वेळ आहे. आणि सुमन, तू दाराकडं काय बघतेस? तुझी घरची वाट काठाकाठाची. तूच सगळ्यात नीट ऐक.

आधी दिव्याचं सांगते, म्हणजे मध्येच कुणी विचारायला नको.

आपलं बोरजाईचं तळं हे मुळात तळं नव्हेच. साहेबाच्या काळात ओढ्याला भिंत घातली आणि पाणी तुंबलं. आधी इथनं तांबडेवाडीला बाई कडेवर पोर घेऊन ओढा ओलांडून जायची आणि चहाच्या आधी परत यायची. भिंत झाल्यावर तीच वाट दिवसभराची झाली. लोकांनी ओरड केली. मग सरकारनं लाँच दिली, इंजिनाची मोठी होडी. लाँच म्हटल्यावर धक्का आला. तांबडेवाडीच्या बाजूला खडकाची सोंड पाण्यात गेली होती, तिच्यावरनं काळ्या दगडाचा धक्का लांबवर बांधला. धक्क्याच्या टोकाला गोल मनोरा. फार उंच नाही, देवळापुढच्या दीपमाळेएवढा. आतनं जिना, वर काचेची खोली, आणि काचेत रॉकेलचा मोठा दिवा. पुस्तकात त्याला दीपस्तंभ म्हणतात. आपल्याकडं नुसतं 'दिवा' म्हटलं की तोच. थंडीत संध्याकाळी तळ्यावर धुकं उतरतं, हात समोर धरला तर दिसत नाही. आणि सोंडेजवळ पाण्याखाली खडक. दिव्याशिवाय लाँच आणायची म्हणजे मरणच.

त्या दिव्यावर गेनबा नावाचा माणूस होता. रॉकेलचा डबा घेऊन जिना चढायचा, काच पुसायचा, वात कापायचा, दिवा लावायचा. पण त्याचं खरं काम पुढंच.

तळ्याचं पाणी काही एका जागी राहत नाही. उन्हाळ्यात खाली, पावसाळ्यात वर. म्हणून धक्क्याला पार खालपर्यंत पायऱ्या होत्या आणि पायरी-पायरीला होडी बांधायची लोखंडी कडी. होडी कुठल्या कडीला लावायची ते पाण्यावर ठरायचं. आणि गेनबाला वरनं पाणी दिसायचं नाही! दिवा डोळ्याशी असला की खालचं काय दिसणार? म्हणून तो वरनं ओरडायचा, "पाणी कितीऽऽ?" खालच्या माणसानं बांबू पाण्यात सोडायचा, तळ लागला की बघायचं आणि ओरडून सांगायचं. गुडघाभर. कमरंभर. छातीभर. आणि हात वर करून उभा राहिलेला माणूस बुडेल एवढं असलं तर पुरुषभर. ते ऐकून गेनबा त्या मापाचा दोर वरनं टाकायचा आणि होडी ओढून घ्यायचा.

नियम एकच. पाण्याचं खोटं सांगायचं नाही. म्हातारी माणसं अजून म्हणतात ना, पाण्याचं आणि आजाऱ्याचं खोटं सांगू नये? ते तिथलंच.

पण माणसं ती माणसंच. पाऊसपाणी बरं असलं की वर्षाचे कितीतरी महिने पाणी पुरुषभरच असायचं. मग बांबू कोण टाकतो! लांबनंच ओरडायचे, "पुरुषभर!" आपण कसं, "जेवलात का?" विचारलं की पोटात कावळे ओरडत असले तरी "हो" म्हणतो, तसंच. गेनबा वरनं शिव्या द्यायचा, "आरं, बांबू टाकला का नुसतं तोंड टाकलं?" तळ्याच्या दोन्ही काठांवर ही सवय अशी मुरली की पोरं खेळताना सुद्धा एकानं "पाणी किती?" म्हटलं की दुसरा न बघता "पुरुषभर!"

पुढं काय झालं, धरणाची भिंत वाढवली. भिंतीवरनं रस्ता झाला, एस.टी. आली, लाँच बंद पडली. आणि एका पावसाळ्यात पाणी असं चढलं, असं चढलं, की धक्का गेला, पायऱ्या गेल्या, मनोरा गेला, दिवा गेला. पाटीवरचं अक्षर पुसावं तसं! आज तुम्ही जाऊन बघा, तिथं सपाट पाणी आहे. दुष्काळात सुद्धा त्याचं टोक वर येत नाही. माझ्या सासूबाईंनी तो दिवा पेटलेला बघितला होता. मी लग्न होऊन आले तेव्हा नुसती जागा दाखवली.

आणि मागं उरलं काय? बोलणं. लोक म्हणायला लागले, गेनबा खाली उतरायलाच तयार नव्हता. पेटत्या दिव्यासकट बुडाला. अजून धुक्यात दिवा लावतो, हाक मारतो, सोबतीला माणूस ओढतो. आता दोन-तीन होड्या तिथं उलटल्या हे खरं. वारा नाही, लाट नाही, आणि होडी पालथी! माणसं पट्टीची पोहणारी, तरी गेली.

हं. इथनं भिकूमामा.

भिकूमामांची बहीण हौसाक्का इथलीच, तुम्हाला ठाऊक आहे. तिचा पोपट. त्याचं लग्न तांबडेवाडीच्या शालनशी ठरलेलं. उद्या सकाळी लग्न, आदल्या दिवशी दुपारी इकडं नवऱ्याला हळद लागली. त्याची उष्टी हळद वाटीत भरून टेम्पोनं नवरीकडं निघाली. ती पोचल्याशिवाय नवरीला हळद कशी लागणार? आणि हळद लागल्याशिवाय लग्न कसं लागणार? टेम्पो धरणाच्या भिंतीपर्यंत पण गेला नाही. चढालाच एक्सल तुटला! बाया हळदीची वाटी पदराखाली धरून चालत परत आल्या, तेव्हा दिवस मावळत होता.

आणि नवरीचा चुलता म्हणजे दिगूआण्णा. असला खवट माणूस पंचक्रोशीत नाही. मानपानावरनं आधीच फुगलेला. सुपारीच्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाला होता, "एक गोष्ट येळेवर आली न्हाई तर मी मांडवाचे बांबू उपसणार." आणि तो उपसणारा माणूस! मोबाइलला रेंज नाही, दुसरी गाडी नाही. हौसाक्का उंबऱ्यात बसली. रडत नव्हती, नुसती हळदीच्या वाटीकडं बघत होती.

भिकूमामा मासे धरणारे. होडी त्यांची स्वतःची. म्हणाले, "आक्का, आण ती वाटी. मी पाण्यावरनं जातो."

"ह्या येळेला? अन् त्या अंगाला?"

"दिवसा काय मासं माझ्याशी गप्पा मारत्यात अन् रात्री खात्यात? आण."

हौसाक्कानं वाटी पितळेच्या डब्यात घातली, डबा हिरव्या खणात बांधला. मग भावाच्या कमरेला अडकित्ता खोचला. कारण भिकूमामा स्वतः हळदीनं माखलेले! मामाला कोण सोडतं? गाल पिवळे, कान पिवळे, बंडी पिवळी. आणि हळदीच्या अंगाकडं नको ते आधी धावतं, हे काय मी तुम्हाला सांगायला पाहिजे?

"हळद हातात हाय तवर कुणाशी बोलू नगंस," हौसाक्का म्हणाली. "हाक आली तरी ओ द्यायची न्हाई."

"अन् मासा बोलला तर?"

"तर त्याला लग्नाला बोलीव. पण उद्या."

निघाले. सुरुवातीला सगळं सरळ. थंडीचे दिवस, पाणी तेलासारखं. पल्याड मांडवाच्या ट्यूबा लुकलुक करत होत्या, त्यावर होडीचं नाक धरून भिकूमामा वल्हं मारत होते. डबा पुढ्यात, बांबू बाजूला. मनातल्या मनात दिगूआण्णाला काय काय ऐकवायचं ते जुळवत होते. अर्धं तळं गेलं.

आणि पल्याडची लाइट गेली!

बसा आता. सगळा काठ काळा. मांडव कुठला, झाडी कुठली, काही कळेना. आणि वरनं धुकं उतरायला लागलं. भिकूमामांनी वल्हं वर घेतलं आणि थांबले. घाबरले नाहीत. थांबले. तळ्यावरचा माणूस अंधारात आधी थांबतो.

तेवढ्यात समोर एक दिवा लागला.

एकटाच. पिवळा, ठाम, जराही न हलणारा. भिकूमामांना वाटलं, शहाणी माणसं! लाइट गेली म्हणून काठावर गॅसबत्ती आणून ठेवली आमच्यासाठी. त्यांनी होडी तिकडं वळवली. मारतायत वल्हं, मारतायत. दिवा तेवढाच. लांबही जाईना, जवळही येईना. मग वास आला. रॉकेलचा. भर तळ्यात, चहूकडं पाणी, आणि रॉकेलचा वास! जसा नुकताच कुणी डबा उघडलाय.

तिथंच त्यांनी वल्हं थांबवलं. पण पुढं ऐका.

होडीच्या अंगाला आवाज आला. खट. खट. खट. लाकूड दगडावर आपटतं तसा. त्यांनी हात बाहेर काढून चाचपलं. दगड कुठला? पाणी! नुसतं थंडगार पाणी. आणि आवाज चालूच. खट. खट. धक्क्याला होडी लागताना वाजते तशी होडी वाजतेय, आणि धक्का नाही!

भिकूमामांनी दात आवळले. अडकित्त्यावर हात ठेवला.

मग आवाज आला. वरनं. उंचावरनं येतो तसा.

"कोण हाय?"

ओ दिली नाही.

"हळद आली का रं? पोरी खोळंबल्यात."

ओ दिली नाही. ह्याला हळदीचं काय ठाऊक?

"भिकू न्हवं का तू? लाँचीवरल्या तुकारामाचा?"

आता बघा! भिकूमामांचे वडील लाँचीवर होते. दोर धरायला, बांबू टाकायला. लहानपणी भिकूमामा त्यांच्याबरोबर लाँचीवरच वाढले. त्या मनोऱ्यातनं येणारा आवाज त्यांनी शेकडो वेळा ऐकला होता. आणि तो आवाज हाच! भुताचा खरखरीत, नाकातला, असला काही नाही हो. घरच्या माणसाचा. दिवसभराच्या कामानं दमलेला. तीच तर गोम! भीती वाटली असती तर वाचले असते. त्यांना माया वाटली.

तरी गप्प राहिले. हौसाक्कानं बजावलं होतं.

आणि मग त्यानं ते विचारलं.

"पाणी कितीऽऽ?"

आणि भिकूमामांच्या तोंडातनं, डोक्याला न विचारता, जिभेला न विचारता, निघून गेलं, "पुरुषभर!"

गेलं! बांबू तसाच बाजूला पडलेला. बोट सुद्धा लावलं नव्हतं.

"मग ये," वरचा आवाज म्हणाला. खूश होऊन म्हणाला. "घे दोर."

धप्प! होडीत दोर पडला. ओला, गार, शेवाळानं बुळबुळीत झालेला. भिकूमामांनी त्याला हात लावला नाही, पण दोराला हाताची गरज नव्हती. तो आपोआप पुढच्या खुंटीला गुंडाळला आणि ताणला गेला. आणि ओढ कुठं? वर नाही. पुढं नाही. खाली!

होडीचं नाक दबलं. भिकूमामांनी समोर बघितलं तर दिवा नव्हता. खाली बघितलं आणि दिवा तिथं! पाण्यात. खोल. काचेच्या खोलीत पेटलेला, आणि त्या उजेडात सगळं दिसत होतं. काळा धक्का. पायऱ्या, एकाखाली एक. पायरी-पायरीला कडी. आणि वरच्या कठड्याशी एक माणूस, कपाळावर हात आडवा धरून वर बघत होता. पाहुणे आले की आपण दारात उभं राहून बघतो ना? तसा. आणि दुसऱ्या हातानं दोर ओढत होता.

पुढनं पाणी आत आलं. डबा घसरला! भिकूमामांनी झडप घालून तो पोटाशी धरला. अडकित्ता काढला, दोर कातरायला लागले. सुपारी कातरणारा अडकित्ता तो, दोराला काय करणार! एक पेड तुटला की दुसरा घट्ट होत होता. पाणी पायाला आलं. घोट्याला आलं.

"ये की," खालचा माणूस म्हणाला. "कडी तुझ्या हाताशीच हाय. पुरुषभर तर पाणी."

आणि तेव्हा भिकूमामांना बाप आठवला. लाँचीच्या टोकाला उभा, बांबू सोडणारा. असाच एकदा न बघता "पुरुषभर" म्हटलं म्हणून भिकूमामांच्या कानाखाली वाजवणारा. "पाण्याचं खोटं सांगतोस?"

त्यांनी डबा दातात धरला. खणाची गाठ दातात, हो! दोन्ही हातांनी बांबू उचलला आणि पाण्यात सोडला. बांबू गेला, गेला, मुठीपर्यंत गेला, मनगट बुडालं, खांदा बुडाला. तळ नाही. कशालाच लागला नाही.

गाठ सोडून त्यांनी डबा मांडीत दाबला आणि ओरडले. त्या तळ्यावर इतकं मोठ्यानं कुणी ओरडलं नसेल!

"गेनबाबा, चुकलो! खोटं बोललो! बांबू लागत न्हाई! तळच न्हाई!"

दोर थांबला. ढिला झाला नाही, पण थांबला.

खालनं आवाज आला. आता तो खालनंच आला, पाण्यातनं येतो तसा. "मग किती हाय?"

"धक्क्याच्या वर हाय, बाबा. पायऱ्यांच्या वर. भिंत वाढवली वो सरकारनं. तुमचा मनोरा बुडाला."

"दिव्याच्या वर?"

"दिव्याच्या बी वर."

खालच्या माणसानं डोक्यावर बघितलं. नुसतं पाणी.

"अन् माझ्या?" त्यानं विचारलं.

भिकूमामा मला म्हणाले, काय सांगणार? पाण्याचं खोटं सांगायचं नाही.

"तुमच्या बी वर, बाबा."

दोर सुटला. सापासारखा सळसळत पाण्यात गेला. होडीचं नाक वर आलं. आणि खाली तो दिवा झपकन विझला नाही. सवयीच्या हातानं वात खाली करावी, तसा हळूहळू लहान झाला. मग कुणीतरी पत्र्याचा डबा खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि अंधार.

आता बाहेर कसं पडायचं? दिशा नाही, उजेड नाही, होडीत पाणी. भिकूमामा ओंजळीनं पाणी उपसतायत आणि कान लावून बसलेत. आणि ऐका, तांबडेवाडीच्या बाया काय कच्च्या आहेत? लाइट गेली म्हणून हळदीची गाणी थांबवतील? अंधारातच सूर धरला होता त्यांनी. लांबनं, धुक्यातनं, अगदी बारीक. भिकूमामांनी त्या सुरावर नाक धरलं आणि मारलं वल्हं! काठाला होडी लागली तेव्हा उडी मारून आधी जमिनीला हात लावला आणि मग डबा उचलला.

मांडवात कंदील लावून सगळे बसलेले. दिगूआण्णा उभा, धोतर वर खोचून, एक हात मांडवाच्या बांबूवर. खरंच!

डबा उघडला. वाटीत पाणी शिरलं होतं, पण हळद होती. दिगूआण्णा वाकून बघतो आणि म्हणतो, "हळद एवढी पातळ कशी?"

"तळ्यावरनं आली," भिकूमामा म्हणाले. "घट्ट पाहिजे असंल तर एक्सल बसंपर्यंत थांबा."

बाया फसकन हसल्या. दिगूआण्णानं बांबूवरचा हात काढला. शालनला हळद लागली, दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. त्यांचा संसार तुमच्यासमोर आहे.

पण त्या रात्री, भिकूमामा शेकोटीशी कपडे वाळवत बसले तेव्हा एक म्हातारी जवळ सरकली. भागूआजी. गाणी सांगणारी तीच होती. गेनबाची सख्खी पुतणी! तिनं विचारलं, "तुला इचारलं त्यानं? पाणी किती?"

भिकूमामांनी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "काका बुडाला म्हणून कुणी सांगितलं तुला? तो खाटेवर गेला. घरात. पाणी चढायच्या आधीच. ताप उतरंना. तिकडं भिंत वाढवायचं काम लागलेलं, मनोरा जाणार हे गावाला ठाऊक झालेलं. थोरल्यांनी ठरवलं, ह्याला सांगायचं न्हाई, जीव तुटंल ह्याचा. रोज तापात इचारायचा, पाणी किती? अन् रोज सांगायचे, पुरुषभर, समदं हाय तसं हाय. तेच ऐकत गेला बघ."

कळलं? पाण्याचं खोटं आणि आजाऱ्याचं खोटं, दोन्ही एकाच माणसाला सांगितलं! तो बिचारा कुणाला बुडवत नव्हता. तो कामावर होता. आपला धक्का आहे, आपला दिवा आहे, होडी आली, पाणी पुरुषभर आहे, मग घ्या ओढून. जी माणसं गेली, ती "पुरुषभर" म्हणूनच गेली असणार.

मी भिकूमामांना म्हटलं, "म्हणजे गिरणीवरची बाई बरोबर बोलत होती तर! दिव्यानं विचारलं, तुम्ही उत्तर दिलं, आणि दिव्याचा कायमचा निकाल लागला."

ते म्हणाले, "गूळ पाहिजे का आणखी?"

तेव्हाच मी ओळखलं, अजून शिल्लक आहे. बसून राहिले. शेवटी सांगितलं त्यांनी.

विचारलं, हे खरं. उत्तर दिलं, हेही खरं. आणि भर तळ्यात तो दिवा त्या रात्रीनंतर कुणाला दिसलेला नाही, हेही खरं. होड्या आता त्या अंगानं बेधडक जातात. पण निकाल? निकाल कुठला!

तो आता काठाला असतो.

भिकूमामांनी स्वतः बघितलाय. जाळी काढायला लवकर गेले होते. काठाकाठानं, माणसाच्या हातातल्या कंदिलाएवढा उजेड चालला होता. जरा चालायचा, थांबायचा, खाली वाकायचा. परत चालायचा. उन्हाळ्यात तो पार खाली, उघड्या पडलेल्या गाळातनं जातो. पावसाळ्यात वर येतो, अगदी परसाच्या कुंपणाशी. पाणी कुठवर आलं, ते बघत फिरतो. दुसऱ्याच्या सांगण्यावर आता त्याचा भरवसा नाही. स्वतःच मोजतोय.

आणि वाटेत कोणी भेटलं तर विचारतो.

नामा कुंभाराला विचारलं गेल्या वर्षी. नामा बाजारातनं येत होता, जरा घेतलेली होती. मागनं कुणीतरी सहज विचारावं तसं, "पाणी किती?" आणि नामा आपला खुशाल, "पुरुषभर!" त्यापुढं तो म्हणतो, एक भला माणूस कंदील घेऊन पुढं चालला होता, म्हणाला, चल, धक्क्यावर बसू. वाट कोरडी होती, चांगली दगडी फरसबंद. नामाचं कुत्रं मागं जीव तोडून भुंकलं म्हणून त्यानं वळून बघितलं. तेव्हा नामा छातीएवढ्या पाण्यात उभा होता. वाट नाही, माणूस नाही, कंदील नाही.

मी म्हटलं, "अहो, पण त्याला तर खरं कळलं ना आता?"

भिकूमामा म्हणाले, "कळलंय. पण 'पुरुषभर' ऐकलं की त्याला वाटतं, धक्का हाय अजून. कोणाला वाटणार न्हाई? आपलं घर हाय असं कुणी सांगितलं तर माणूस उठून चालायलाच लागंल की."

तर असं आहे. गिरणीवरचं अर्धं खरं, अर्धं पट्ट्यात गेलं. आधी आपले म्हातारे सांगायचे, रात्री त्या पाण्यावरनं जाऊ नका. मी सांगते, दिवस मावळला की त्या काठानं सुद्धा जाऊ नका. वळसा पडू दे, वरच्या सडकेनं जा. भूत वाईट असतं तर अडकित्ता होता, लिंबू होतं, मारुती होता. हा भला माणूस. भल्या माणसापुढं आपल्याकडं काय आहे?

झाल्या शेंगा? सुमन, ऊठ, टरफलं भर. बॅटरी दे माझ्याकडं, मी वरच्या सडकेनं तुला दारापर्यंत सोडते. नाही, काठानं नाही. लवकर पोचायचं राहू दे.

आणि कधी एकटी सापडलीस, आणि मागनं कुणी विचारलंच, तर पळू नकोस, ओरडू नकोस. आधी खाली वाक. हात घालून बघ पाण्यात. आणि जेवढं असेल तेवढंच सांग.